शालनकाकूंची तमिळ

पोवई नाक्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या, की माझ्या टेबलावर अर्ज येऊन पडायला लागतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण साताऱ्यात शिकवायला लागल्यापासून दर फेब्रुवारीत हे असंच चाललं आहे. एम.ए.च्या शेवटच्या सत्राला आमच्याकडे एक प्रात्यक्षिक असतं. एक मोठं माणूस शोधायचं, त्याला मुळीच येत नसलेली एक भाषा ठरवायची आणि तीस तासांत त्याला त्या भाषेत बोलतं करायचं. रोज काय शिकवलं त्याची वही ठेवायची आणि शेवटी परीक्षकासमोर त्या माणसाला बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं.

परवा एक मुलगा अर्ज घेऊन आला. "मॅडम, मी रूममेटला इंग्लिश शिकवतो."

"त्याला कशाला हवंय इंग्लिश?"

"हवंय असं नाही मॅडम, पण तो मोकळाच असतो."

मी अर्ज परत दिला आणि गरज असलेलं माणूस शोध म्हटलं. दारातून बाहेर पडताना तो मित्राला माझ्याबद्दल जे बोलला ते मला स्वच्छ ऐकू आलं. रागवायला हवं होतं, पण हसूच आलं. त्याच्या वयाची असताना मीही हेच करायला निघाले होते. सांगलीच्या हॉस्टेलमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना हिंदी शिकवायची, असा माझा बेत होता. मावशींचं हिंदीवाचून काही अडलं नव्हतं. "तू शिकीव, मी आपली भाजी निवडते," असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी जाताना किलोभर द्राक्षं घेतली. "तासगावची हायती ताई, खाऊन तर बघा," गाडीवाला म्हणाला. एक मणी दाताखाली फुटला, आणि मी नाक्यावर उभी असूनही सांगलीहून विट्याला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत जाऊन बसले.

त्या एसटीच्या खिडकीला काच असायची पण ती सरकायची नाही. तासगाव मागं पडलं की दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा सुरू व्हायच्या. बांधावर क्रेटची उतरंड, सावलीत बसून घड कातरणाऱ्या बायका, कागदाच्या कपट्यांचा ढीग. पुढं गेलं की बेदाण्याच्या शेडी लागायच्या. एकावर एक ताणलेल्या जाळ्या, त्यांवर पसरलेली द्राक्षं, भोवतीनं हिरवं कापड. गंधकाचा धूर दिलेला असला तर तो वास घशात खवखवायचा, आणि त्याच्या मागोमाग पिकल्या द्राक्षांचा गोड, जरासा आंबूस वास यायचा. हे दोन्ही वास एकत्र आले की मला समजायचं, गाव आलं. झोपेत असले तरी समजायचं.

आमच्या भागाची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगावी लागते. आमच्याकडं घरटी एक माणूस परमुलखात सोनं-चांदी गाळायला गेलेला असतो. सोनारांकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, आणायची, दुकानातली धूळसुद्धा आणायची, भट्टी पेटवायची, तेजाबात शुद्ध करायचं आणि चोख सोनं परत द्यायचं. कुणी अमृतसरला, कुणी कोलकात्याला, कुणी केरळात. वर्षाचे अकरा महिने माणूस तिकडं आणि एक महिना, यात्रेच्या सुमाराला, गावात. माझे दादा, म्हणजे वडील, तमिळनाडूत इरोडला होते. मी जन्मले तिथंच. सातवीपर्यंत तिथंच शिकले, आणि मग आई मला आणि भावाला घेऊन गावी आली.

गावच्या शाळेत पहिल्याच दिवशी पोरींनी माझं नाव 'इडली' ठेवलं. त्या दिवसापासून मी घराबाहेर तमिळचा एक शब्द काढला नाही. इतका नाही, की पुढं सांगलीत एम.ए.ला आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या तासाला विचारलं, कुणाकुणाला कोणत्या भाषा येतात, तेव्हा मी मराठी, हिंदी, इंग्रजी म्हणून खाली बसले. भाषा शिकवायला शिकणारी मुलगी, आणि आपल्याला येणारी एक अख्खी भाषा गिळून बसली! आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या तात्यांना झटका आला.

तात्यांचंही दुकान इरोडलाच, आमच्या दुकानापासून चार दारं सोडून. एकोणिसाव्या वर्षी ते गाव सोडून गेले ते चाळीस वर्षं तिथं राहिले. त्यांची बायको शालनकाकू मात्र इथंच. सासू-सासरे, जमीन, गुरं, मग लेकीची शाळा. काकूंनी इरोड कधी पाहिलंच नाही. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तात्यांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि दिवाळीला कायमचे गावी आले. "आता आमचा संसार सुरू," असं काकू सगळ्या गल्लीला हसत सांगत होत्या. अडीच महिन्यांत हे झालं.

मिरजेच्या हॉस्पिटलात तात्या शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलेलं होतं. पाचव्या दिवशी वाचा आली. पण ते काय बोलत होते, ते कुणाला समजेना. काकू घाबरल्या. भेटायला आलेले लोक बाहेर जाऊन हळूच म्हणायचे, बरळतोय, डोक्यावर परिणाम झाला. कुणी अंगाऱ्याची पुडी आणून उशाशी ठेवली. असे तीन दिवस गेले. मग एका सकाळी सलाईन बदलणारी केरळची सिस्टर मधेच थांबली, तात्यांच्या तोंडाजवळ कान नेला आणि काकूंना म्हणाली, "आजी, बाबा वेडा नाही. बाबा तमिळ बोलते. पाणी पायजे म्हणते."

डॉक्टरांनी समजावलं, की दोन भाषांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या बाबतीत असं होतं कधीकधी. एक भाषा आधी परत येते, दुसरी मागून येते किंवा येतही नाही. तुमचं बोलणं त्यांना समजतंय. जी भाषा आली आहे तिच्यात त्यांना बोलतं ठेवा, गप्प बसवू नका. काकूंनी मान हलवली. मग बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि त्या दिवशीच भेटायला आलेल्या माझ्या आईला म्हणाल्या, "आता कुणाला आणू गं बोलाया?"

प्रश्न खरा होता. गावात तमिळ येणारी माणसं पंचवीस तरी असतील, पण ती सगळी तमिळनाडूत. आईची तमिळ भाजी घेण्यापुरती, आणि भाऊ तर लहानपणीच सगळं विसरला. दादा फोनवर तात्यांशी बोलायचे, व्हिडिओवर दुकान दाखवायचे, पण भट्टी सोडून किती वेळ बोलणार? शेवटी दादांनीच मला फोन केला. "मंजू, तुलाच बघाय लागंल बाई. शनिवार-रविवार जात जा."

अशी मी दुभाषी झाले.

पहिल्या शनिवारी गेले, तर तात्या अंगणात बाजेवर बसलेले आणि काकू पेजेची वाटी घेऊन समोर. तात्यांनी एक घोट घेतला, तोंड फिरवलं आणि डावा हात नाचवत लांबलचक काहीतरी बोलले. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नको म्हणतात."

"एवढं लांब बोलले, आन् नको एवढंच?"

"हो. म्हणजे, तसंच."

खरं तर तात्या म्हणाले होते, की ही पेज आहे की भिंतीला लावायचा चुना? म्हशीपुढं ठेवली तर म्हैस दावं तोडून पळेल, आणि ही बाई मला रोज दोन वेळा पाजते. आता हे मी काकूंना कसं सांगणार? आम्हाला भाषांतराच्या तासाला शिकवलं होतं, की मूळ माणसाचा सूर सोडायचा नाही. पण तासाला मूळ माणसाची बायको समोर बसलेली नसते. मी सगळीकडं असंच करत गेले. तात्या चिडले की मी 'थोडं बरं वाटत नाही' म्हणायची, ते थट्टा करायचे तर मी 'मजेत आहेत' म्हणायची. दोन आठवडे काकूंनी सहन केलं. तिसऱ्या रविवारी त्या मला शेडमध्ये घेऊन गेल्या. त्यांच्या एक एकराचा बेदाणा तिथं वाळत होता. जाळीखाली पोत्यावर बसवून त्या म्हणाल्या, "मंजे, तू मधलं खातीयास."

"काय?"

"त्यांचं बोलनं. त्यांच्या तोंडाकडं बघती की मी. हासत्यात, वैतागत्यात, कायबाय सांगत्यात. आन् तू मला निवडलेला बेदाना आनून देतीस. काडीकचरा काढून."

काकू जाळीवरचा एक मणी बोटांत घेऊन चाचपत बोलत राहिल्या. "चाळीस वर्सं झाली लगीन हून. वर्साचा एक म्हैना धर. किती झालं? चाळीस म्हैनं. म्हंजी साडेतीन वर्सं पन धड न्हाईत. ऱ्हायलेले सगळे दिवस ह्यो मानूस त्या भाषेत जगला. मला त्यातलं काय बी ठावं न्हाई. आता घरात हाय, समोर हाय, बोलतोय बी, आन् मधी तू. मला शिकीव. मला मधलं मानूस नगं."

मी सोमवारी सांगलीला गेले ती थेट मॅडमच्या खोलीत. मावशींचा अर्ज मागं घ्यायचा आहे म्हटलं, नवा विद्यार्थी मिळाला, भाषा तमिळ. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तमिळ शिकवणार कोण?"

"मी."

"तुला कुठं येते?"

मग सगळं सांगावं लागलं, इडलीपासून. मॅडम गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. त्या म्हणाल्या, "दीड वर्ष माझ्या वर्गात बसून एक भाषा लपवलीस? तुझे दोन मार्क मी आत्ताच कापले." आणि सही केली. तमिळ तपासणारं आमच्या विभागात कुणीच नव्हतं, बाहेरूनही मिळेना. त्यावर त्यांनी ठरवलं, की एप्रिलमध्ये त्या स्वतः गावी येतील. "माणूस पाठ केलेलं म्हणतंय का खरंच बोलतंय, ते मला समजतं. भाषा कुठलीही असू दे."

माझा पहिला तास म्हणजे फजिती होती. मी छान आराखडा केला होता. अभिवादन, मग स्वतःची ओळख, मग रंग, मग आकडे. काकू समोर बसल्या, मी त्यांना तमिळमध्ये 'माझं नाव शालन' म्हणायला शिकवलं. त्यांनी दोनदा म्हटलं आणि थांबल्या.

"ह्ये मी कुनाला सांगू?"

"तात्यांना."

"चाळीस वर्सांनी त्यास्नी माजं नाव सांगू? आदीच डोक्याला झटका बसलाय, म्हनतील बायको बदलली."

शेजारी बेदाणा निवडत बसलेल्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं सूप पडलं. माझा आराखडा तिथंच संपला. अभ्यासक्रम काकूंनी केला. गोळी घेतली का, कुठं दुखतंय, हात उचला, अजून एकदा उचला, उगं रडू नका, खोटं बोलू नका. ही पहिल्या दिवसाची यादी. आजही मी विद्यार्थ्यांना सांगते, की तुमचा आराखडा घेऊन जा, पण तो फाडायची तयारी ठेवून जा. त्यांना ते पुस्तकात सापडत नाही म्हणून पटत नाही.

काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. वहीपेन्सिलीशी त्यांचं जमेना. म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली. एक वाक्य घ्यायचं आणि पुढ्यातलं सूपभर बेदाणा निवडून होईपर्यंत तेच म्हणत राहायचं. हिरवा इकडं, काळपट तिकडं, काडी बाहेर, आणि तोंडानं 'मात्तिरै साप्टींगळा, मात्तिरै साप्टींगळा'. गोळी घेतली का, गोळी घेतली का. शब्द तमिळ होते, पण सूर थेट विट्याच्या बाजारातला. मी उच्चार सुधारायला गेले की म्हणायच्या, "माजं मानूस समजून घील की. तू तुजं बघ."

शेड म्हणजे वर जाळ्या, खाली आम्ही. कापडातून येणारा उजेड हिरवा, त्यामुळं सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसायचे. बोटं चिकट व्हायची, मधमाश्या घोंघावत राहायच्या. त्या उजेडात मी दहा वर्षांनी मोठ्यानं तमिळ बोलत होते, आणि कुणी मला नाव ठेवत नव्हतं. उलट निवडणाऱ्या बायकांनाच त्याचा नाद लागला. एकमेकींना भाकरीच्या वेळी 'साप्टिया गं?' म्हणून विचारायला लागल्या. मार्च उजाडेपर्यंत ते गल्लीत पोचलं. नळावर, गिरणीत, कुणी कुणाला भेटलं की जेवलीस का हे तमिळमध्ये. ज्या शाळेनं मला इडली म्हटलं होतं तिथल्या बाईंनी एकदा रस्त्यात थांबवून मला तेच विचारलं. मला त्या वेळी काय वाटलं ते मी वहीत लिहिलं नाही, पण घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ हसत होते आणि थोडी रडलेही.

काकूंनी पहिल्यांदा तात्यांसमोर ते वाक्य म्हटलं तो दिवस तर मला तसाच्या तसा आठवतो. हातात गोळी, डोक्यावर पदर, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा. "मात्तिरै साप्टींगळा?" तात्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग काकूंकडं. आणि मग ते जे हसायला लागले! डाव्या हातानं बाज बडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू घाबरून म्हणाल्या, "चुकलं व्हय गं?" मी म्हटलं, "काही चुकलं नाही." तात्यांनी गोळी घेतली, आणि त्या दिवशी पेजही न कुरकुरता संपवली.

इरोडचे तात्या मला लहानपणापासून माहीत होते, आणि गावचेही. लहान असताना मला ती दोन वेगळी माणसं वाटायची. इरोडच्या गल्लीत तात्या बोलायला लागले की कॉफीवाला किटली खाली ठेवून ऐकत बसायचा. सोनारांच्या नकला करायचे, नदीच्या पुराच्या गोष्टी रंगवून सांगायचे, शेजारच्या म्हाताऱ्याशी रोज नवीन पैज लावायचे. आणि हाच माणूस यात्रेला गावी आला की खांबाला टेकून बसायचा. कुणी विचारलं तर 'हं', नाहीतर 'बघू'. महिन्याभरासाठी आलेला माणूस, घरात आईबाप, भावकी, दारात येणाऱ्यांची रीघ. बायकोशी वडीलधाऱ्यांसमोर बोलायची पद्धत नव्हती, आणि वडीलधारे गेल्यावर बोलायची सवय राहिली नव्हती. मराठी तात्यांना येत होतीच. त्यांना मराठीत काही बोलायची वेळच कधी आली नाही. हे मला तेव्हा समजलं नव्हतं, काकूंना समजलं.

त्याचं झालं असं. एका रविवारी तिघं अंगणात बसलो होतो. काकूंनी भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दिला आणि तात्या भाकरीकडं बघत बोलायला लागले. सावकाश बोलत होते. मी सवयीनं भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"थांब. कळलं मला."

"काय कळलं?"

"मी गावच्या लोकांसंगं ज्वारीचं पीठ धाडायची ना, त्येच्याबद्दल बोलत्यात. पोचस्तवर त्यात किडं व्हायचं. चाळून खायचं. व्हय का न्हाई?"

अगदी बरोबर होतं. अर्ध्याहून जास्त शब्द त्यांना माहीत नव्हते. मावू म्हणजे पीठ आणि पुळू म्हणजे किडा एवढं ओळखून बाकीचं त्यांनी तात्यांच्या हाताच्या चाळण्याच्या खुणेवरून जुळवलं होतं. पण मला त्यांनी विचारलं नाही. तात्यांकडं वळून मराठीतच म्हणाल्या, "इतकी वर्सं इचारती, पीठ चांगलं हुतं का, तर म्हनायचा 'हं'. किडं खाल्लं व्हय तुमी? एकदा तरी सांगायचं!" तात्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, काकू मराठीत भांडल्या, तात्या परत म्हणाले. मी दोघांच्या मधून उठले आणि पायरीवर जाऊन बसले. माझ्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. एवढा आनंद मला पुढं कुठल्याच निकालाच्या दिवशी झाला नाही.

तेव्हापासून तात्या सुटले. कॉफीवाला, पूर, पैजा, देवळातला हत्ती, सगळं बाहेर यायला लागलं. काकू कान देऊन ऐकायच्या. समजलं नाही तर 'पुरियलै' म्हणून हात आपटायच्या, मग तात्या परत सांगायचे, साधं करून. माझ्या लक्षात आलं, की आता शिकवतात तेच. मार्चच्या शेवटी एका दुपारी बायका जेवायला बसल्या होत्या आणि बाजेवरून तात्या ओरडायला लागले, 'मळै! मळै!' मी हा शब्द शिकवला नव्हता. काकू ताट टाकून उठल्या, शेडकडं पळाल्या, त्यांच्यामागं सगळ्या बायका. कापडं खाली सोडून बांधेपर्यंत अवकाळीचे टपोरे थेंब आलेच. बेदाणा वाचला. तुम्हाला शब्द कसा कळला, असं मी नंतर विचारलं तर काकू म्हणाल्या, "बेदाना वाळत असताना मानूस आभाळाकडं बघून दुसरं काय वरडंल?"

एप्रिलमध्ये मॅडम आल्या. विट्याहून वडापच्या जीपनं, उन्हातून, पर्स डोक्यावर धरून. काकूंनी सकाळपासून अंगण दोनदा सारवलं होतं. जरीकाठाची साडी, हातभर बांगड्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माजं काय बी हू दे, तुजं मार्क जायाला नगंत." मी तीन सोपे प्रश्न ठरवून दिले होते. दुखतंय का, झोप लागली का, आज काय करू खायला. ते त्यांना कधीचे येत होते. मॅडम खुर्चीवर बसल्या, चहा आला, मी वही उघडून त्यांच्या हातात दिली. तात्या बाजेवर, काकू समोर पाटावर.

काकूंनी एकही ठरवलेला प्रश्न विचारला नाही. आधी हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मला वाटलं, विसरल्या. मग त्यांनी तात्यांकडं सरळ बघत चार शब्द जोडले. ते मी कधी एकत्र शिकवले नव्हते. मी, इरोड, का नाही.

मला एकदम समजलं, की ही बाई दोन महिने हेच विचारायला शिकत होती. गोळ्या आणि पेज हा नुसता सराव होता.

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपला निर्जीव हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मग बोलायला लागले, अगदी हळू, सोपे शब्द निवडून, काकूंना समजतील असे. दुकानावर एकच खोली होती. त्यात आम्ही सहा जण झोपायचो. तेजाबाचा धूर वर यायचा, डोळे चुरचुरायचे. तिथं तुला कुठं ठेवणार? दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी मोठी खोली घेऊ. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतर माझी बायको येणार आहे. कॉफीवाला दर वर्षी विचारायचा, आली का? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. पुढं त्याचा मुलगा किटली घेऊन यायला लागला, तोही विचारायचा. मला लाज वाटायची. तुलाही सांगायची लाज वाटायची.

काकू ऐकत होत्या. मधे एकदाच त्यांनी 'पुरियलै' म्हटलं, तात्यांनी ते वाक्य परत सांगितलं. मॅडमना एक अक्षर समजत नव्हतं, पण त्यांनी माझी वही मिटून मांडीवर ठेवली होती. शेजारच्या शेडमधलं सुपाचं पाखडणंसुद्धा थांबलं होतं. काकूंनी डोळे पुसले, हसल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, 'सरी.' बरं.

त्याच वेळी तात्यांचं लक्ष मॅडमच्या कपाकडं गेलं. त्यांनी डावा हात पुढं केला आणि स्वच्छ म्हणाले, "मॅडम, च्या घ्या. गार व्हतोय."

तीन महिन्यांत तात्यांच्या तोंडून आलेली ही पहिली मराठी. माझे डोळे भरून आले. आई दारात उभी होती, तिनं हात जोडले. मॅडम कप उचलायचं विसरून तात्यांकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता काकू देवापुढं साखर ठेवायला धावतील. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं.

"म्हंजी आली व्हय मराठी?" त्या म्हणाल्या. "मंग आता परत गप बसनार तुमी?"

तात्या गोंधळले. "न्हाई गं..."

"तेच. न्हाई, हं, बघू. चाळीस वर्सं ऐकलं म्या." काकूंनी पाट पुढं ओढला, बाजेला अगदी टेकून. "मॅडमसंगं मराठी बोला, गावासंगं बोला, देवासंगं बोला. माज्यासंगं तमिळच बोलायचं. आवं, ह्या भाषेत तुमी पैल्यांदा माज्याशी बोलला."

तात्यांनी मॅडमकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग काकूंकडं वळले, घसा साफ केला आणि खोलीची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं तमिळमध्ये सांगायला लागले.